चाप ओढताना

ओइवा कार्प्पिनेनच्या हातून गेल्या शरदात एक मूस पोटात गोळी घेऊन निसटला. घोड्याहून उंच, कुर्‍हाडीच्या पात्यांसारखी रुंद शिंगं मिरवणारं ते जनावर दलदलीत शिरलं आणि तिसऱ्या दिवशी सापडलं. कावळ्यांनी डोळे नेले होते, पोट फुगून वर आलं होतं. शिकारीच्या टोळीतल्या सगळ्या घरांचं हिवाळ्याचं मांस तिथं चिखलात सडत पडलं होतं. टोळीचा म्होरक्या ताव्हेत्ती लेइनोनेन नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि म्हणाला, "साडेसहा मिलिमीटरची बारीक गोळी. तिनं काय मूस पडतोय?"

ओइवानं मान डोलावली.

गोळी बारीक नव्हती, ती फार मागं, पोटात लागली होती. जनावर चालत होतं, बंदूक त्याच्याबरोबर फिरवत खांद्याच्या मागं धरायची होती. ओइवानं फिरवायची थांबवली आणि मग चाप ओढला. चाप ओढला तेव्हाच त्याला हे कळलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं अंगण वाकडं असल्याचं खुद्द घरमालकच सांगत होता. अशा वेळी नाही म्हणायला माणूस फार मोठ्या मनाचा लागतो. ओइवाचं मन वाईट नव्हतं, एवढंच म्हणता येईल.

या एका मान डोलावण्याची किंमत त्याला ऑगस्टमध्ये कळली. ताव्हेत्तीच्या अंगणात टोळी जमली होती, कॉफीची किटली फिरत होती आणि कुणी कुठं उभं राहायचं ते ठरत होतं. जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याकडेनं ठिय्ये असतात. तळ्याकडून हाकारे कुत्रं घेऊन रान उठवत येतात, आणि रस्त्यावर एकेका ठिय्यात एकेक बंदूक वाट बघत बसते. चौथा ठिय्या कार्प्पिनेनांचा होता. ओइवाचा बाप तिथं बसत असे, आजाही तिथंच. मोठमोठी जनावरं तिथूनच रस्ता ओलांडत.

"ओइवा," ताव्हेत्ती म्हणाला, "चौथ्या ठिय्यावर मला जागच्या जागी बसवनारी बंदूक पायजे. ती चिमनी मारायची नळी न्हाई चालनार."

"घेतो की नवी," ओइवा म्हणाला.

"न्हाई घेतलीस तर काय बिघडत न्हाई. हाकाऱ्यांत चल. पोरीबरुबर."

पोरं हसली. हाकारा म्हणजे पोरांचं, बायकांचं आणि गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांचं काम. ओइवाची मुलगी मार्केत्ता बाविशीची होती आणि गेली पाच वर्षं ती कुत्र्यामागून रानात चालत होती, पण ती गोष्ट वेगळी. रेमू नावाचं ते काळं-पांढरं कुत्रं फक्त तिचंच ऐकायचं. चौपन्न वर्षांच्या माणसानं ठिय्या सोडून 'हो-हो' करत दलदल तुडवायची म्हणजे गावात तोंड दाखवायला नको.

विल्यो तोलोनेन त्याच्या शेजारीच बसला होता. पाचवा ठिय्या त्याचा. दांडगा गडी, हसला की अंगण हलायचं. त्यानं ओइवाच्या पाठीत थाप मारली. "मी येतो की तुज्यासंगं दुकानात. तुला एकट्याला सोडलं तर परत शिवनकामाची सुई घिऊन येशील."

कायानीच्या दुकानात ओइवा, त्याची बायको रायली आणि विल्यो असे तिघं विल्योच्या गाडीतून गेले. रायलीला खरं तर लोकर घ्यायची होती, पण तिचा पाय दुकानाच्या दारातून हलेना. दुकानदार चष्मेवाला, सावकाश बोलणारा होता. त्यानं आधी जुनी साडेसहाची हातात घेतली, काडतूस आत सारायचा बोल्ट मागंपुढं केला, नळीतून उजेडाकडं बघितलं.

"बंदूक चांगली हाय की. काय खोट काढली हिची?"

"मूस पडंना हिनं," विल्योच बोलला.

"कुठली गोळी घालत होता? रानकोंबड्याची सगळी तांब्यानं मढवलेली तर न्हवं? ती आरपार जाती, जनावराला कळत बी न्हाई."

"न्हाई," ओइवा म्हणाला. "टोकाला शिसं उघडं असलेली. दहा ग्रॅमची. आत जाऊन फुलनारी."

"मग कायद्यात बसती आन मूसाला बी पुरती. लागली कुठं हुती?"

ओइवानं काचेखालच्या काडतुसांच्या डब्यांकडं बघितलं. लाल, हिरवे, पिवळे डबे. रायली त्याच्याकडं बघत होती.

"खांद्याला," तो म्हणाला.

दुकानदारानं भुवया उंचावल्या आणि खाली आणल्या. गिऱ्हाइकाशी कोण वाद घालतो! त्यानं मधल्या मापाची एक काढून दिली. "ही बघा. धक्का सोसवतो, गोळी अकरा-बारा ग्रॅमची, मूस काय अस्वल बी पडतं. खांद्याला लावून बघा, डोळं झाका, मग उघडा. दुर्बीण आपोआप डोळ्यासमोर आली तर ती तुमची."

ओइवानं लावली. डोळे उघडले तर दुर्बिणीतलं गोल स्वच्छ, पूर्ण दिसत होतं. ती त्याच्या खांद्यात अशी बसली जशी जुन्या बुटात पावलं बसतात. त्यानं तोंड उघडलंही, पण विल्यो मधेच म्हणाला, "ही ताव्हेत्तीच्या सुनंला घेऊन दे. नऊची काढा, नऊची. माज्याकडं हाय, ताव्हेत्तीकडं हाय. अठरा ग्रॅमची गोळी. लागली की मूस गुडघ्यावर, मग कुठं का लागंना."

कुठं का लागंना. हेच शब्द ओइवाच्या कानात बसले. गेलं वर्षभर रात्री अंथरुणात तो त्या चालत्या जनावरामागं बंदूक फिरवत होता, आणि दर खेपेला थांबत होता. कुठंही लागली तरी चालणारी गोळी जगात असेल, तर ती त्याच्यासाठीच बनवलेली होती.

"नऊची द्या," तो म्हणाला.

दुकानदारानं जुनी बंदूक बदल्यात घेऊन मागं ठेवून दिली. रायलीनं नवी एकदा हातात धरून बघितली आणि लगेच काउंटरवर ठेवली. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "वासराएवढी जड हाय."

खडीच्या खाणीत, फळ्यांवर रंगवलेल्या मूसापुढं, ओइवानं पहिली गोळी मारली ती एकट्यानं. तो पोटावर झोपला, दस्ता खांद्याला नीट टेकलेला नव्हता, आणि दुर्बिणीला डोळा फार जवळ नेला होता. चाप ओढला तेव्हा कुणीतरी कपाळावर खापर फोडल्यासारखं झालं. उठून बसला तेव्हा उजव्या भुवईतून रक्त गळून ओठावर आलं होतं, कानात शिट्टी वाजत होती. दुर्बिणीच्या काठानं कपाळावर अर्धचंद्र कोरला होता. त्यानं शेवाळाचा गोळा दाबून धरला आणि खाणीत आपण एकटेच आहोत याची आधी खात्री करून घेतली.

नंतर त्यानं दस्ता नीट टेकवला, डोळा लांब ठेवला. दुर्बिणीनं पुन्हा काही केलं नाही. पण शरीराला एकदा धडा मिळाला की ते डोक्याचं ऐकत नाही. दुसऱ्या गोळीला बोट चापावर गेलं आणि त्याच वेळी खांदा पुढं आला, मान आखडली. तिसरी फळीच्या पायात लागली. चौथी कुठं गेली ते समजलंच नाही. पाठीमागच्या वाळूच्या उतारावर धूळही उडाली नाही. ओइवा फळीभोवती फिरून भोक शोधत राहिला. खाणीच्या वरच्या कडेला पाइनची रोपं होती आणि त्यांच्या पलीकडं गावात जायचा रस्ता होता.

आठवडाभर तो रोज जात राहिला. घरी सांगायचा, हात बसवतोय. रायलीनं हात कसा बसतोय ते शनिवारी सौनात, वाफेच्या न्हाणीत, बघितलं. त्यानं शर्ट काढताना पाठ फिरवली होती, पण अरुंद बाकावर पाठ किती वेळ फिरवणार? दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली आणि ती निवळली तेव्हा रायलीच्या नजरेसमोर त्याचा खांदा होता. काळा, कडांना हिरवापिवळा, काखेपर्यंत उतरलेला.

तिनं बोट लावलं. तो अंग चोरून बाजूला झाला. बोट टेकायच्या आधीच झाला, हे तिनं टिपलं.

"ओइवा, तुला भ्या वाटतंय."

"बाईमानसाला बंदुकीतलं काय कळतंय?"

"बंदुकीतलं न्हाई कळत. तुज्यातलं कळतं."

तो उठून बाहेर गेला आणि थंड पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली. आत रायली अंगाला झोडून घ्यायच्या बर्चच्या ओल्या डहाळ्या मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. तिच्या मनात नवऱ्याचा खांदा नव्हता. नवऱ्याच्या समोर रानातून कोण चालत येतं, ते होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मार्केत्ताला बापाबरोबर खाणीत पाठवलं. ओइवाला बरंही वाटलं आणि नकोही वाटलं. मार्केत्ता खालच्या फळीवर कागदाचं वर्तुळ चिकटवून आली, रेमूला झाडाला बांधलं आणि म्हणाली, "दे हिकडं, आबा. मी भरून देते. तू निसता नेम धर."

एक काडतूस तिनं भरून दिलं. दणका झाला. पुन्हा भरून दिलं. तिसऱ्या वेळी तिनं पाठ थोडी वळवली, बोल्ट पुढं सारला आणि बंदूक त्याच्या हातात दिली. ओइवानं श्वास घेतला, अर्धा सोडला, चाप ओढला.

टक्, एवढंच वाजलं. आत झाडलेल्या काडतुसाचं नुसतं टरफल होतं.

दणका झालाच नाही, त्यामुळं झाकायला काही उरलं नाही. बंदुकीची नळी हातभर खाली गेली होती आणि डावीकडं ओढली गेली होती. खांदा पुढं घुसलेला, दात आवळलेले, आणि दोन्ही डोळे लहान पोरानं कडू औषधाआधी मिटावेत तसे घट्ट मिटलेले. ओइवानं ते उघडले तेव्हा मार्केत्ता त्याच्या तोंडाकडं बघत होती.

वाऱ्यानं कागद फडफडला.

"किती दिस झालं?" तिनं विचारलं.

"हे कपाळाला लागल्यापासून."

"परत्येक गोळीला?"

तिनं बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली, बोल्ट उघडा ठेवला आणि झाडाला टेकवली. ती रागावली असती तर ओइवाला सोसलं असतं. ती घाबरली होती, आणि ती आपल्याला घाबरली आहे हे बापाच्या काळजाला लागलं.

"आबा, मूसाच्या तोंडाशी कुत्रं असतंय. आन कुत्र्याच्या मागं मी असते. तुला ठाव हाय न्हवं?"

"पोरी, ठाव न्हाई व्हय मला?"

मग त्यांनी बापलेकीनं मिळून काय काय करून बघितलं ते सांगण्यासारखं नाही, पण माणूस करतो. खांद्यावर मेंढीच्या कातड्याची उशी शिवली. कानात कापूस आणि वरून कानटोप्या घातल्या. विल्योकडून हलक्या भाराची काडतुसं आणली, विल्यो स्वतःच बारूद भरायचा, आणि देताना म्हणाला, "म्हातारीसाठी व्हय रं?" धक्का निम्मा झाला तरी डोळे मिटतच राहिले. ओइवा म्हणायचा, आता उघडे ठेवतो, आणि ठेवायचाही, चाप अर्धा ओढेपर्यंत. मग आतून कुणीतरी पडदा ओढायचं. रायलीनं कायानीच्या दुकानात फोन केला. जुनी साडेसहाची कधीच विकली गेली होती. ती मधल्या मापाचीही. शिकारीच्या तोंडावर दुकानात दुसरं काय राहतं?

शुक्रवारी स्वयंपाकघरात तिघं बसली. राईची भाकरी, खारवलेला मासा आणि ताक ताटात तसंच होतं. दुसऱ्या दिवशी शिकार उघडणार होती. बाहेर बर्चची पानं पिवळी होऊन गळत होती आणि खिडकीच्या काचेवर थंडीचं धुकं धरत होतं.

"ताव्हेत्तीला सांग," रायली म्हणाली. "औंदा बसत न्हाई म्हणावं."

"कारन काय सांगू?"

"हाय ते सांग."

"डोळं मिटतो म्हनून सांगू? साऱ्या टोळीत?" ओइवाचा आवाज चढला आणि लगेच पडला. "माजा बाप लढाईतनं आला आन चौथ्या ठिय्यावर बसला. मी खडीच्या खानीतनं आलो आन तिथनं उठलो, असं सांगू?"

"मग मी जात न्हाई," मार्केत्ता म्हणाली. "पर मी न्हाई गेले तर रेमू जात न्हाई. मग लोक विचारतील, का गं न्हाई आलीस? मला खोटं सांगता येत न्हाई."

शेवटी ओइवानं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "सकाळी सांगतो. ठिय्ये वाटायच्या आधी सांगतो. झालं?"

झालं, असं दोघी म्हणाल्या. ओइवालाही त्या वेळी ते खरंच वाटत होतं.

सकाळी दहिवर पडलं होतं. वाटेवरचं गवत पायाखाली करकरत होतं. तळ्याजवळच्या माळावर शेकोटी पेटली होती, काळ्या किटलीत कॉफी उकळत होती, बंदुका पाठीवर आणि लाल टोप्या डोक्यावर. माणसं हळू आवाजात बोलत होती, जशी चर्चच्या दारात बोलतात. ताव्हेत्तीनं नियम सांगितले, जसे दर वर्षी सांगायचा. जनावर रस्ता ओलांडून पलीकडं गेल्याबिगर गोळी सोडायची न्हाई. रानाच्या दिशेनं नळी धरायची न्हाई, तिकडं आपली मानसं हायत. ज्याची गोळी त्यानं वायरलेसवर सांगायचं.

"चौथा, ओइवा. आनलीस का रं नवी? दाव की."

ओइवानं पाठीवरून काढून दाखवली. बंदूक हातोहात फिरली. "ही हाय बंदूक," कुणी म्हणालं. "औंदा दलदलीत हुडकायला नको." विल्योनं ती उचलून तोलली आणि म्हणाला, "मीच निवडली." शाबासकी ऐकत ओइवा खाली बघत राहिला. त्यानं मान वर केली तर शेकोटीपलीकडून मार्केत्ता बघत होती. रेमूचा पट्टा तिच्या मनगटाला गुंडाळलेला होता. ती वाट बघत होती.

ओइवानं कॉफीचा घोट घेतला. ती इतकी कढत होती की डोळ्यांत पाणी आलं.

"चला तर मग," ताव्हेत्ती म्हणाला. "हाकारे तळ्याकडं."

मार्केत्ताला तेव्हा बोलता आलं असतं. तिचे ओठ हललेही. पण सगळ्या टोळीसमोर बापाची लाज उघडी करायची, हे तिच्या हातून झालं नाही. तिनं टोपी कानावर ओढली आणि ती हाकाऱ्यांबरोबर खाली उतरली. झाडांत शिरताना तिनं एकदा मागं बघितलं. मग नुसतं लाल, मग तेही नाही.

चौथ्या ठिय्यावर एक जुना बुंधा होता, बापानं कुऱ्हाडीनं बसायला सपाट केलेला. ओइवा त्यावर बसला. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं रान, ज्यातून ते येणार. पाचवा ठिय्या उजवीकडं वळणावर, विल्यो दिसत नव्हता. ओइवानं काडतूस नळीत सारलं तेव्हा आवाज फार मोठा झाल्यासारखा वाटला. त्याच्या मनात एकच जप चालला होता: जनावर आज माझ्याकडं न येवो. देवाकडं एवढं क्षुल्लक मागणं त्यानं कधी मागितलं नव्हतं, आणि इतक्या कळवळ्यानंही नाही.

लांबून हाकारे ऐकू आले. हो-हो-हो. मग रेमू भुंकला. आधी तुटक, मग सलग, न थांबता. म्हणजे जनावर उठलं. भुंकणं डावीकडं गेलं, ओइवाचा श्वास मोकळा झाला. मग ते वळलं आणि सरळ त्याच्याकडं येऊ लागलं. काटक्या मोडल्या. फरच्या फांद्या बाजूला झाल्या आणि मूस रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. नर होता. नाकातून वाफ निघत होती. कान मागं, कुत्र्याकडं. त्यानं रस्ता ओलांडला नाही. तिथंच आडवा उभा राहिला, कूस उघडी टाकून.

बंदूक ओइवाच्या खांद्यावर कधी आली ते त्यालाच समजलं नाही. दुर्बिणीत तपकिरी केस, त्यांवरचं दव, खांद्यामागची ती जागा. इतकं सोपं जनावर त्याच्या बापालाही कधी मिळालं नसेल. जनावराच्या पोटाखालून मागं, झाडांच्या बुंध्यांतून, रेमूचं पांढरं दिसत होतं. त्याच्याही मागं कुठंतरी काहीतरी लाल असणार होतं. ते दिसत नव्हतं. बोट चापावर गेलं, आणि पापण्या आपोआप खाली येऊ लागल्याचं त्याला स्पष्ट जाणवलं.

ओइवानं बोट काढलं. बोल्ट उचलला, मागं ओढला. काडतूस उडून शेवाळात पडलं. त्या आवाजानं मूस दचकला, वळला आणि रस्त्याच्या कडेकडेनं, रानातूनच, उजवीकडं धावला. पाचव्या ठिय्याकडं.

ओइवाला तेवढ्यात सुटल्यासारखं वाटलं. माणूस किती लवकर सुटतो!

धडाम. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, घाईनं. विल्योची नऊची. आवाज रानात घुमत गेला आणि त्याच्या मागून रेमूचं भुंकणं थांबलं.

"पाचवा, काय झालं?" वायरलेसमधून ताव्हेत्तीचा आवाज आला. "विल्यो. आरं बोल की."

विल्यो बोलला नाही.

"हाकारे, कुठं हाय तुमी? मार्केत्ता?"

खरखर. मार्केत्ताही बोलली नाही.

ओइवा धावला. बंदूक हातात आडवी, शेवाळात पाय घोट्यापर्यंत रुतत होते, फांद्या तोंडावर बसत होत्या. तो तिचं नाव घेऊन ओरडत होता आणि आपलाच आवाज त्याला बोकडासारखा वाटत होता. एकदा पडला, कपाळावरची जुनी जखम फुटली. त्याला उत्तर नको होतं, तिचा नुसता श्वास हवा होता.

"कुनी मारली?"

वायरलेसमधला तो आवाज मार्केत्ताचाच होता, पण इतका बारीक की आधी ओळखू आला नाही. "कुनी मारली माज्याकडं?"

टोळी पाचव्या ठिय्यावर जमली. मार्केत्ता रानातून चालत आली, रेमूला छातीशी उचलून धरलेलं. कुत्र्याला काही झालं नव्हतं. तिच्या गालात बर्चची सालपटं घुसली होती आणि रक्ताची रेघ हनुवटीवर आली होती. ती जिथं उभी होती तिथल्या एका झाडाचा निम्मा बुंधा, तिच्या खांद्याच्या उंचीवर, उडून गेला होता. मूस कुठंच नव्हता. त्याच्या रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता.

सगळ्यांनी ओइवाकडं बघितलं. गेल्या वर्षी याच माणसाच्या हातून मूस निसटला होता, मग हेही दुसऱ्या कुणाच्या हातून होणार? विल्यो झाडाला पाठ टेकून उभा होता, तोंड चुन्यासारखं झालं होतं. त्यानं टोपी काढली होती आणि भुवईच्या वर, केसांच्या आड, जुन्या अर्धचंद्राची पांढरी खूण दिसत होती. शेजारच्या ठिय्यावर पंधरा वर्षं बसूनही ती ओइवानं कधी बघितली नव्हती.

मार्केत्ता सरळ बापाकडं आली. तिनं तळहात त्याच्या बंदुकीच्या नळीवर ठेवला. नळी बर्फासारखी गार होती. तिनं हात तसाच ठेवला, जरा जास्त वेळ, आणि मग विल्योकडं वळली. विल्योनं आपली बंदूक पाठीमागं घेतली.

ओइवाला तिथं गप्प बसता आलं असतं. पोरीनंच साक्ष दिली होती. कुणाचं बोट आता त्याच्याकडं नव्हतं.

"ताव्हेत्ती," तो म्हणाला, "माजी गार हाय, कारन मी गोळी काढून टाकली. मूस माज्याम्होरं उभा हुता. मी मारली असती तर ती बी पोरीकडंच गेली असती. चाप ओढताना माजं डोळं मिटत्यात. ह्यो नऊचा दनका मला सोसत न्हाई. गेल्या साली बंदुकीचा दोष न्हवता. मी मागं मारली. हे सकाळीच सांगायला पायजे हुतं."

कुणी हसलं नाही. त्यानं हसण्याची वाट बघितली, आणि ते आलंच नाही याची त्याला जास्त भीती वाटली.

विल्यो झाडावरून घसरत खाली बसला. "आवाज आला, आन मी मारली," तो जमिनीकडं बघून म्हणाला. "दिसलं न्हाई मला. मला कधीच दिसत न्हाई. आवाज झाल्यावर मी डोळं उघडतो, मग कळतं पडलं का न्हाई ते."

"आन तूच हिरिरीनं ओइवाला नऊची घ्यायला..." ताव्हेत्ती बोलता बोलता थांबला. त्यानं गोल जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. आठदहा बंदुका, बहुतेक जाड नळ्यांच्या. ताव्हेत्तीनंच एकेकाला सांगून घ्यायला लावलेल्या.

"आजून कोन?" त्यानं विचारलं.

कुणी वर बघितलं नाही. कुणी बुटाचं टोक बघत होतं, कुणी नखानं बंदुकीचा पट्टा खरवडत होतं. लांब तळ्यावर एक बदक ओरडलं. मार्केत्ता एकेकाच्या तोंडाकडं बघत उभी होती. पहिला, दुसरा, तिसरा. या सगळ्यांच्या दिशेनं ती पाच शरदांत चालत आली होती.

मग ताव्हेत्तीनं स्वतःच्या खांद्यावरची बंदूक उतरवली. सावकाश, आपल्याच प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखा, बोल्ट उचलला आणि मागं ओढला. काडतूस शेवाळात पडलं. त्यानं दुसरंही काढलं, आणि तिसरंही.

मार्केत्ता तेव्हा कुत्र्याला पोटाशी धरून ओल्या शेवाळात खाली बसली, आणि बाप जवळ आला तेव्हा तिनं हातानं त्याला लांबच थांबवलं.